हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर कॅथेटरचे नवे उपचार

निरोगी माणसाचे हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा ठरावीक अंतराने आकुंचन पावते. हा ताल उजव्या अलिंदातील एका लहानशा पेशीसमूहातून निघणारे विद्युत संदेश राखतात. ‘एट्रियल फिब्रिलेशन’ या विकारात मात्र हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांत, म्हणजे अलिंदांत, मिनिटाला ३५० हून अधिक संदेश अस्ताव्यस्त उमटू लागतात. अलिंदे नीट आकुंचन न पावता नुसती थरथरतात आणि नाडी अनियमित होते. कोणाला छातीत धडधड जाणवते, कोणाला जिना चढताना धाप लागते. अनेकांना काहीच जाणवत नाही.

या विकाराचा मोठा धोका धडधडीत नसून रक्ताच्या गुठळीत आहे. डाव्या अलिंदाला लागून असलेल्या पिशवीसारख्या भागात रक्त साकळते आणि तेथील गुठळी मेंदूकडे गेल्यास अर्धांगवायूचा झटका येतो. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील दीर्घकालीन पाहणीतून १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार अशा रुग्णांत हा धोका सुमारे पाचपट असतो. म्हणून कोणत्याही नव्या उपचाराबाबत दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात: ताल सुधारतो का, आणि गुठळीचा धोका टळतो का?

कॅथेटर, म्हणजे रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत नेण्याची बारीक नळी, वापरून हृदयातील विद्युतमार्ग तोडण्याचा उपचार १९८२ मध्ये अमेरिकेतून नोंदवला गेला. त्या वेळी नळीच्या टोकातून विजेचा जबर झटका देत असत. मार्ग तुटे, पण झटक्याने निर्माण होणाऱ्या दाबामुळे हृदयाच्या भिंतीला इजा होण्याची भीती असे. पुढे रेडिओ लहरींच्या उष्णतेने नेमका भाग भाजण्याची पद्धत आली आणि झटक्याची पद्धत मागे पडली.

एट्रियल फिब्रिलेशनच्या बाबतीत दिशा मिळाली ती १९९८ मध्ये. फ्रान्समधील बोर्डो येथील डॉ. मिशेल हायसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ रुग्णांच्या तपासणीत दाखवून दिले की, हा गोंधळ सुरू करणारे बहुतेक अवेळी ठोके फुप्फुसांतून डाव्या अलिंदात येणाऱ्या शिरांमध्ये उगम पावतात. तेव्हापासून या शिरांच्या मुखाभोवती जखमेचे वर्तुळ आखून त्यांना विद्युतदृष्ट्या अलग करणे, हा उपचाराचा गाभा झाला. नळी जांघेतील शिरेतून आत जाते आणि दोन अलिंदांमधील पडद्याला सूक्ष्म छिद्र पाडून डाव्या बाजूस पोहोचते. वर्तुळ अखंड जमले, तर शिरेतील संदेश शिरेतच अडतो. वर्तुळात फट राहिली, तर विकार परततो.

अडचण शेजाराची होती. डाव्या अलिंदाच्या अगदी मागे अन्ननलिका असते. उष्णता तिथवर पोहोचल्यास क्वचित दोहोंमध्ये छिद्र पडते. ही गुंतागुंत उपचारानंतर काही आठवड्यांनी उघड होते आणि बहुधा प्राणघातक ठरते. अमेरिकेत २०१० मध्ये मान्यता मिळालेल्या अतिशीत फुग्याने शिरेचे मुख गोठवता येऊ लागले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७६२ रुग्णांच्या चाचणीत हा फुगा उष्णतेच्या तुलनेत उणा ठरला नाही. मात्र त्यात श्वासपटलाकडे जाणाऱ्या मज्जातंतूला इजा होण्याचा संभव असतो.

नव्या ‘पल्स्ड फील्ड’ पद्धतीत उष्णता वा शीत यांवर भिस्त नाही. उच्च दाबाच्या विजेचे अत्यल्प काळाचे स्पंद सोडले जातात. त्यामुळे पेशींच्या आवरणाला सूक्ष्म छिद्रे पडून त्या मरतात. हृदयस्नायूच्या पेशी अन्ननलिकेच्या वा मज्जातंतूच्या पेशींपेक्षा कमी तीव्रतेला बळी पडतात, हेच या पद्धतीचे मर्म. टाकून दिलेली वीज नियंत्रित रूपात परत आली, असेही म्हणता येईल. युरोपात २०२१ मध्ये, तर अमेरिकेत डिसेंबर २०२३ पासून अशा उपकरणांना मान्यता मिळू लागली.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ॲडव्हेंट’ चाचणीत ६०७ रुग्णांची तुलना झाली. वर्षअखेर उपचार यशस्वी ठरल्याचे प्रमाण नव्या पद्धतीत ७३.३ टक्के, तर उष्णता वा शीत पद्धतीत ७१.३ टक्के होते. म्हणजे परिणामकारकता जवळपास सारखीच. लाभ दिसला तो शेजारच्या अवयवांच्या बाबतीत: १७ हजारांहून अधिक रुग्णांच्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदीत अन्ननलिकेला छिद्र पडल्याची एकही घटना आढळली नाही. गंभीर गुंतागुंत सुमारे एक टक्का रुग्णांत झाली. तांबड्या पेशी फुटून मूत्रपिंडावर ताण येणे आणि हृदयाच्या धमनीचे तात्पुरते आकुंचन, हे या पद्धतीचे स्वतःचे धोके आहेत.

‘कायमचा बरा’ हे शब्द त्यामुळे जपून वापरावे लागतात. काहींना दुसऱ्यांदा उपचार घ्यावा लागतो, आणि विकार दीर्घकाळ मुरलेला असल्यास यश कमी मिळते. रक्त पातळ करणारी औषधे उपचारानंतर किमान दोन-तीन महिने सर्वांनाच दिली जातात. त्यापुढे ती चालू ठेवण्याचा निर्णय वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा झटका यांवरून घेण्याची प्रथा आहे. केवळ ताल सुधारला म्हणून ती स्वतःहून बंद करणे धोक्याचे असते. निवडक रुग्णांत ती थांबवता येतील काय, यावरील चाचण्यांचे उत्साहवर्धक निष्कर्ष २०२५ मध्ये पुढे आले आहेत.

भारतात चित्र आणखी निराळे आहे. हृदयतालतज्ज्ञांच्या संघटनेने केलेल्या देशव्यापी नोंदीत रुग्णांचे सरासरी वय सुमारे ५५ होते आणि जवळपास निम्म्यांना संधिवाताच्या तापाने झालेला झडपांचा विकार होता. वरील चाचण्या अशा रुग्णांना समोर ठेवून झालेल्या नव्हत्या. त्यांच्यात आधी अरुंद झालेल्या झडपेचा विचार करावा लागतो. ती फुग्याने रुंद करण्याचा कॅथेटर उपचार जपानचे डॉ. कांजी इनोए यांनी १९८४ मध्येच प्रसिद्ध केला होता. औषधांचेही तसेच. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत या रुग्णांमध्ये जुन्या वर्गातील वॉरफरीनसारखी औषधे नव्या रिव्हारॉक्सॅबनपेक्षा सरस ठरली, मृत्यूही कमी झाले. ही जुनी औषधे घेणाऱ्यांना मात्र ठरावीक काळाने रक्त तपासून मात्रा जुळवून घ्यावी लागते.