पुण्याच्या माळावरची शिरगणती

१८२४ साली मुंबई सरकारने विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनचा सांख्यिकी अहवालकार नेमले. पेशवाई जाऊन सहा वर्षे झाली होती आणि हाती आलेला मुलूख नव्या राज्यकर्त्यांना आकड्यांत पाहायचा होता. पुणे, नगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांतली माणसे, जमिनी, पिके आणि सारा यांची माहिती साइक्सने गोळा केली. प्राणी-पक्ष्यांचाही त्याला नाद होता. दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी त्याने १८३१ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे मांडली, तर पक्ष्यांची पुढच्या वर्षी. इथल्या माळावरच्या लांडग्याला त्याने दिलेले ‘पॅलिपीस’ हे नाव शास्त्रात आजही चालते. हाच साइक्स पुढे लंडनच्या सांख्यिकी संस्थेचा अध्यक्ष झाला. इतका आकडेप्रेमी माणूस, पण त्याची प्राण्यांची यादी जातींची आहे, संख्येची नव्हे. रानात लांडगे किती, हा प्रश्न हिशेबाने सुटण्यासारखा आहे, असे त्या काळी कोणाला वाटत नव्हते.

मेलेल्या जनावरांचा हिशेब मात्र चोख राहिला. वाघ, बिबटा, लांडगा मारणाऱ्याला सरकार बक्षीस देई, आणि पैसा खजिन्यातून जायचा म्हटल्यावर नोंद होणारच. या नोंदींच्या आधारे इतिहासकार महेश रंगराजन यांनी दाखवले आहे, की १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशात ८०,००० हून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. पण मारलेल्यांच्या संख्येवरून उरलेल्यांची संख्या निघत नाही. यंदा बक्षिसे कमी गेली, ती जनावरे घटली म्हणून, की शिकारी कमी फिरले म्हणून? बक्षिसाच्या वहीत मेलेले जनावर असते. रिकाम्या हाताने परतलेल्या शिकाऱ्याची पायपीट त्या वहीत येत नाही.

ती पायपीट लिहून ठेवली तर काय साधते, हे लेस्ली आणि डेव्हिस यांनी १९३९ मध्ये सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउनच्या उंदरांवर दाखवले. समजा, एका वस्तीत रोज तेवढेच सापळे लावले. पहिल्या दिवशी ४० उंदीर सापडले, दुसऱ्या दिवशी ३२. मेहनत तीच असताना पकड एक-पंचमांशाने घटली, म्हणजे पहिल्या दिवशी पकडलेले ४० हे एकूण उंदरांच्या एक-पंचमांश होते. तेव्हा मुळात उंदीर सुमारे २००. हिशेब चौथीतल्या मुलालाही जमेल; अट इतकीच, की मधल्या काळात बाहेरून नवे उंदीर येता कामा नयेत आणि जुने सापळ्याला बिचकता कामा नयेत.

दुसरी वाट खुणेची. डेन्मार्कच्या पीटरसनने ती १८९६ मध्ये माशांसाठी वापरली, तर अमेरिकेत फ्रेडरिक लिंकनने १९३० मध्ये बदकांसाठी. हजार बदकांच्या पायांत कड्या घालून ती सोडून द्यायची. हंगामात शिकाऱ्यांनी मारलेल्या बदकांत शेकडा दोन कडीवाली निघाली, तर एकूण बदके ५०,००० च्या आसपास. इथे शिकारीच नमुना गोळा करून देतो. आपल्याकडच्या शिकारीच्या वह्यांचा असा उपयोग होण्याचा काळ मात्र निघून गेला, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक निर्बंध आणले.

त्याच वर्षी देशभर वाघांची पहिली मोजणी झाली आणि आकडा आला १,८२७. पद्धत पावलांच्या ठशांची. धुळीतल्या ठशावर काच धरायची, तिच्यावर पेनने कड गिरवायची, मग तो आकार कागदावर उतरवायचा. अशा शेकडो कागदांवरून नजरेने ठरवायचे, की हा वाघ कालचाच की निराळा. पण ओल्या चिखलातला ठसा आणि भुसभुशीत धुळीतला ठसा एकाच पंजाचे असूनही सारखे दिसत नाहीत. चूक किती असू शकेल, हे त्या आकड्यासोबत सांगितलेले नसे, आणि सांख्यिकीच्या माणसाला नेमके तेच खटकते.

पुणे विद्यापीठात वि. शं. हुजूरबाजारांनी १९५३ मध्ये उभ्या केलेल्या संख्याशास्त्र विभागातून हा प्रश्न पुढे हाती घेतला गेला. अनिल गोरे, शरयू परांजपे, मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा व्याघ्रगणनेतल्या मोजमापाच्या स्थानाविषयीचा लेख १९९३ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. गोरे आणि परांजपे यांचे गणिती व सांख्यिकी परिस्थितिकीवरचे पाठ्यपुस्तक २००१ मध्ये निघाले. दरम्यान, कर्नाटकात उल्लास कारंथ कॅमेऱ्याने वाघांचे पट्टे टिपून पीटरसनचाच हिशेब मांडत होते. बदकाच्या पायातल्या कडीची जागा पट्ट्यांनी घेतली होती. २००५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले आणि ठशांच्या पद्धतीवरचा विश्वास पार उडाला. २००८ मध्ये नव्या पद्धतीचा देशाचा आकडा आला: १,४११, आणि सोबत १,१६५ ते १,६५७ ही मर्यादा. १,८२७ पेक्षा हा आकडा लहान, पण जास्त प्रामाणिक.

पुणे जिल्ह्यात वाघ नसल्याने इथली मोजणी निराळी. वैशाख पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याशेजारी मचाणावर बसून चांदण्यात दिसेल त्या जनावराची नोंद करायची, ही जुनी रीत. तिच्यातून रानाची ओळख होते, संख्या नाही: एकच भेकर रात्रीतून दोनदा पाण्यावर आले तर वहीत दोन भेकरे लागतात, आणि वाटेत दुसरा झरा असला तर एकही नाही. भीमाशंकरला शेकरूंचा अंदाज घरट्यांवरून बांधतात. तिथेही गुणाकार सांभाळून करावा लागतो, कारण एकच शेकरू अनेक घरटी बांधते आणि सोडलेली घरटीही फांदीवर टिकून राहतात.

बिबट्याला ठिपके असल्याने त्याचे काम सोपे. शेजारच्या अकोले तालुक्यात, उसाच्या पट्ट्यात, विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून काढलेला आकडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला: दर १०० चौरस किलोमीटरला ४.८ प्रौढ बिबटे, १.२ इकडे किंवा तिकडे. त्याच कॅमेऱ्यांत पट्टेरी तरसही जवळपास तितकीच निघाली.

साइक्सच्या लांडग्याच्या अंगावर मात्र ना पट्टे ना ठिपके. सासवड, सुपे, इंदापूरच्या माळावर कॅमेऱ्यात आलेला लांडगा कालचाच की दुसरा, हे फोटोवरून सांगणे अवघड. त्याच्यासाठी विष्ठेतल्या डीएनएचा आधार घेता येतो. माळावरून वाळलेली विष्ठा उचलून प्रयोगशाळेत एकेक लांडगा ओळखायचा, काही दिवसांनी पुन्हा तोच माळ पालथा घालायचा, आणि दुसऱ्या खेपेत पहिल्यांपैकी किती परत आले, हे मोजून पीटरसनचाच भागाकार करायचा.