उणे आठ फूट : रेडिओ अल्टिमीटरच्या एका बिघाडाचा इतिहास

नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्रीय दूरसंचार विभागाने मोबाइल कंपन्यांना एक आदेश दिला. विमानतळाच्या धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटर अंतराच्या आत ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील ५जी केंद्रे उभारू नयेत, असे त्यात बजावले होते. विमानांच्या रेडिओ अल्टिमीटरमधील फिल्टर बदलले जाईपर्यंत ही मर्यादा लागू राहणार होती. नव्या सेवेची वाट पाहणाऱ्यांना ही सावधगिरी अवाजवी वाटण्याजोगी होती. तिचे महत्त्व समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

नेहमीचा उंचीमापक हवेच्या दाबावरून समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो. पायाखाली जमीन किती दूर आहे, हे त्याला कळत नाही. ही उणीव भरून काढणाऱ्या रेडिओ अल्टिमीटरचे प्रात्यक्षिक अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे लॉइड एस्पेन्शीड यांनी १९३८ मध्ये घडवले. विमानाच्या पोटाखालून सतत बदलत्या वारंवारितेची लहर खाली सोडली जाते. ती जमिनीवर आदळून परत येईपर्यंत प्रक्षेपकाची वारंवारिता पुढे सरकलेली असते. या दोहोंतील फरकावरून उंची निघते. एक हजार फुटांवरून लहर जाऊन परत येण्यास अवघे दोन मायक्रोसेकंद लागतात. प्रक्षेपक आणि ग्राहक अँटेना वेगवेगळे असतात. लहर जमिनीपर्यंत न जाता एका अँटेनातून थेट दुसऱ्यात झिरपली, तर विमान आकाशात असूनही यंत्र ‘जमीन आली’ असे सांगू शकते.

२५ फेब्रुवारी २००९ रोजी इस्तंबूलहून निघालेले टर्किश एअरलाइन्सचे बोइंग ७३७-८०० विमान अॅमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळाकडे उतरत होते. सुमारे १,९५० फुटांवर असताना डाव्या रेडिओ अल्टिमीटरने एकाएकी उणे आठ फूट उंची दाखवली. उजवे यंत्र बरोबर होते. पण इंजिनांची शक्ती सांभाळणारी स्वयंचलित प्रणाली डाव्यावर विसंबून होती. विमान टेकण्याच्या बेतात आहे, असे समजून तिने शक्ती किमान पातळीवर आणली. विमान ठरलेल्या उतरणमार्गापेक्षा वर होते व तसेही खाली आणायचे होते. त्यामुळे मंदावलेली इंजिने कोणाला खटकली नाहीत. वेग घटत गेला. धोक्याची सूचना मिळाली, तेव्हा उंची ५०० फुटांहूनही कमी उरली होती. विमान धावपट्टीच्या अलीकडे शेतात कोसळले. १३५ जणांपैकी ९ जणांचा मृत्यू झाला. त्यांत तिन्ही वैमानिक होते.

डच सुरक्षा मंडळाच्या तपासातून पुढे आलेली एक गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी होती. याच विमानाच्या आधीच्या आठ अवतरणांत हाच बिघाड दोनदा घडला होता. त्या दोन्ही वेळी वैमानिकांनी वेळीच सावरून घेतले होते. रेडिओ अल्टिमीटरचे दोष शोधताना हीच अडचण येते. हवेत दिसलेला दोष जमिनीवर आल्यावर नाहीसा होतो. तंत्रज्ञ पेटी बदलतो, अँटेना आणि केबल तपासतो, चाचणी निर्दोष ठरते आणि विमान पुन्हा उड्डाणास सज्ज होते. शिवाय असे प्रसंग घडले, तरी त्यांतील बरेचसे नोंदवलेच जात नव्हते. नोंद नसल्याने दोषाचे सातत्य कोणाला दिसत नव्हते. चुकीच्या मापनाचे निश्चित मूळ कारण तपासातूनही अखेर हाती लागले नाही.

हा अनुभव ध्यानात घेतल्यास पुढील घटनांचा अर्थ लागतो. रेडिओ अल्टिमीटर ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झवर चालतो. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत ३.७ गिगाहर्ट्झपासून पुढच्या पट्ट्यात ५जी सुरू होण्याची वेळ आली, तेव्हा एअर इंडियाने तिकडची काही उड्डाणे रद्द केली. विशिष्ट विमानांना परवानगी मिळाल्यावर ती पुन्हा सुरू झाली. भारतातील पट्टा अल्टिमीटरपासून आणखी दूर आहे. तरीही जुन्या ग्राहक यंत्रांचे फिल्टर शेजारचे प्रबळ संकेत पुरेसे अडवतीलच, अशी खात्री नव्हती. म्हणून अंतर राखण्याचा मार्ग निवडला गेला.

स्खिपोलच्या त्या विमानात दोन अल्टिमीटर होते आणि त्यांतला एक खरे सांगत होता. दोन मापनांत तफावत पडली, तेव्हाच यंत्रणेने थांबून कोणते खरे हे विचारायला हवे होते. पण तो प्रश्न विचारण्याची सोयच तिच्यात ठेवलेली नव्हती.