लाडबोरीची रिंग आणि कुलाब्याची वही

२ एप्रिल २०२२. गुढीपाडवा होता आणि शनिवारही. गुढी उतरवून, जेवणाला थोडा वेळ आहे म्हणून आम्ही तिघं बोरगाव मेघेच्या घराच्या गच्चीवर बसलो होतो. मी, बाबा आणि आबाजी. वर्ध्याचं एप्रिलमधलं ऊन काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. अंधार पडला तरी गच्चीची फरशी पायाला गरम लागत होती.

पावणेआठच्या सुमारास आकाशात काहीतरी पेटलं. उल्का झर्रकन जाते, तसं हे नव्हतं. चुलीतले निखारे कुणीतरी ओळीनं ओढत न्यावेत तसे जळते तुकडे सावकाश सरकत होते, मागं लांब शेपट्या होत्या. बाबा म्हणाले, "इमान पेटलं वाटते." मी इंजिनिअर. मोबाईल काढून व्हिडिओ घेत ठामपणे म्हणालो, "उल्कावर्षाव आहे." आबाजी खुर्चीतून अर्धवट उठून बघत होते. ते म्हणाले, "स्कायलॅब तं नाही ना रे बाप्पा हे?"

मी हसलो. दोन तासांत कळलं की तिघांत सगळ्यात जवळचं उत्तर आबाजींचं होतं.

त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात, आकाशातून धातूची एक भलीमोठी रिंग पडली. माणूस आत सहज उभा राहील एवढा तिचा व्यास. नंतरच्या दिवसांत आजूबाजूच्या भागात धातूचे गोळेही सापडले. हा चीनच्या 'चांग झेंग ३ बी' रॉकेटचा तिसरा टप्पा असावा, असं अवकाशयानांचा हिशेब ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं. ते रॉकेट फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालं होतं. म्हणजे काम संपलेला तो रिकामा टप्पा जवळपास चौदा महिने पृथ्वीभोवती फिरत होता. त्याला कुणी मुद्दाम पाडलं नव्हतं. त्याला हवेनं पाडलं.

इथंच माझी गाडी अडली. तिकडं वर हवा कुठली? शाळेत तर शिकलो होतो की अवकाशात पोकळी असते.

जिथं हवा संपत नाही

हवा एका रेषेवर संपत नाही. १०० किलोमीटरवर अवकाश सुरू होतं असं आपण मानतो, ती हिशेबाच्या सोयीसाठी आखलेली हद्द आहे. त्याच्या वरही शेकडो किलोमीटर हवा आहे, फक्त अतिशय विरळ. ४०० किलोमीटरवर ती जमिनीवरच्या हवेपेक्षा दहा हजार कोटी पटींहूनही विरळ होते. पण सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगानं धावणाऱ्या वस्तूला एवढी हवाही अडवते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक दर महिन्याला साधारण दोन किलोमीटर खाली घसरतं, आणि इंजिन चालवून त्याला पुन्हा वर ढकलावं लागतं. चिनी टप्पा लांबट कक्षेत होता. दर फेरीत पृथ्वीच्या जवळ आला की त्याला या हवेचा थोडा घासा बसायचा, वेग थोडा कमी व्हायचा. चौदा महिने हेच चाललं.

या हवेचा स्वभाव विचित्र आहे. सूर्याचे अतिनील किरण आणि क्ष-किरण ती शोषून घेते, म्हणून ती तापते आणि तापली की फुगते. सूर्य शांत असतो तेव्हा ४०० किलोमीटरवर जेवढी हवा असते, त्याच्या साधारण दहापट सूर्य खवळलेल्या वर्षांत असू शकते. हे कळलं तेही पडणाऱ्या वस्तूंमुळेच. १९५७ नंतर पहिले उपग्रह वर गेले, तेव्हा ब्रिटनमध्ये डेस्मंड किंग-हेल आणि अमेरिकेत लुइजी याकिया हे त्यांच्या कक्षांची घसरण मोजत बसले. सूर्यावरच्या हालचालींबरोबर ही घसरण कमीजास्त होते, हे त्यातून दिसलं. हवा मोजायला वेगळं यंत्र नेलंच नव्हतं. उपग्रहाचं पडणं हेच यंत्र झालं.

आबाजींची स्कायलॅब याच हवेनं पाडली. सुमारे ७७ टनांचं ते अमेरिकी स्थानक १९७३ मध्ये वर गेलं. स्पेस शटल तयार झालं की त्याला वर ढकलायचं, असा बेत होता. पण सूर्य अंदाजापेक्षा जास्त तापला, वरची हवा फुगली, आणि ११ जुलै १९७९ ला स्कायलॅब कोसळलं. शटलचं पहिलं उड्डाण झालं १९८१ मध्ये. तुकडे पडले हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात. पण त्याआधी महिनाभर आपल्याकडं गावोगाव घबराट होती. आबाजी सांगतात, त्यांच्या गावात कुणी पाळलेला बोकड कापून खाल्ला, आणि एकानं सावकाराला निरोप धाडला की आता व्याज मागू नका, सगळेच जाणार आहोत.

हसू येतं, पण लाडबोरीच्या लोकांना विचारा. ती रिंग जिथं पडली तिथून घरं लांब नव्हती. मग वेळीच सांगता का येत नाही? कारण शेवटच्या फेऱ्यांमध्ये वस्तू मिनिटाला साडेचारशे किलोमीटरहून जास्त अंतर कापते. अंदाज दोन मिनिटांनी चुकला तर वर्धा ते मुंबईपेक्षा जास्त अंतराचा फरक पडतो. आणि अंदाज चुकतो, कारण वरची हवा त्या दिवशी नेमकी किती दाट आहे ते पक्कं माहीत नसतं. लाडबोरीच्या दोनच महिने आधी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, स्टारलिंकचे ४९ उपग्रह एकाच खेपेत वर गेले. त्यानंतर एक साधंच चुंबकीय वादळ आलं, हवा फुगली, आणि त्यातले सुमारे ३८ उपग्रह कक्षा गाठण्याआधीच खाली आले.

चुंबकीय वादळ आणि हवेचं फुगणं यांचा काय संबंध? याचं उत्तर शोधत मी जिथं पोचलो, ती जागा मुंबईत निघाली.

सुई का थरथरते

उपग्रह, रॉकेट, रेडिओ यांतलं काहीही नव्हतं तेव्हा वरच्या हवेची पहिली खबर दिली ती होकायंत्राच्या सुईनं. लंडनच्या जॉर्ज ग्रॅहम यांनी १७२२ मध्ये पाहिलं की नीट टांगलेली चुंबकसुई दिवसभरात अगदी किंचित इकडून तिकडं सरकते, आणि रोज साधारण त्याच तालात. पृथ्वीच्या पोटातलं चुंबकत्व घड्याळ बघून बदलणार नाही. मग सूर्याच्या वेळापत्रकानं चालणारं काय आहे? १८८२ मध्ये बाल्फर स्टुअर्ट यांनी सुचवलं की वरच्या हवेत विजेचे प्रवाह वाहत असावेत. सूर्यप्रकाशानं वरच्या हवेतले अणू फुटून विद्युतभारित होतात, ही हवा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून वाहते, आणि डायनामोसारखी वीज तयार होते. त्या विजेमुळं खाली जमिनीवरची सुई हलते. पुढं १९२४ मध्ये एडवर्ड ॲपलटन यांनी रेडिओलहरी वर पाठवून त्यांचे परत आलेले प्रतिध्वनी मोजले, आणि वर खरोखरच असा थर आहे हे दाखवलं. त्यालाच आपण आयनांबर म्हणतो. या साऱ्या विषयाचा मोठा ग्रंथ १९४७ मध्ये कलकत्त्यात शिशिरकुमार मित्रा यांनी लिहिला.

म्हणजे सुईच्या नोंदी या वरच्या हवेच्याच नोंदी होत्या. फक्त लिहिणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं.

असं लिहिणारे लोक मुंबईत कुलाब्याला होते. ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ मध्ये तिथं वेधशाळा सुरू केली, ती जहाजांना अचूक वेळ देण्यासारख्या कामांसाठी. १८४१ पासून चुंबकीय निरीक्षणं सुरू झाली. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ या वेधशाळेचं काम पाहिलं. अलिबागजवळच्या नागावचे केरूनाना छत्रे, पुढं टिळकांचे गणिताचे गुरू झालेले, यांनी कोवळ्या वयात इथंच प्रा. ऑर्लेबार यांच्या हाताखाली नोकरी धरली. काम कंटाळवाणं होतं. टांगलेल्या चुंबकाला आरसा जोडलेला, समोर छोटी दुर्बीण आणि मोजपट्टी. दर तासाला डोळा लावायचा, आकडा वहीत लिहायचा. सुई अस्वस्थ दिसली तर दर पंधरा मिनिटांनी, कधी पाच मिनिटांनी.

आमच्या धंद्यात याला लॉग म्हणतात. सर्व्हर रात्रंदिवस स्वतःच्या हालचाली लिहीत असतो आणि बहुतेक वेळा ते कुणी वाचत नाही. दोन वर्षांपूर्वी साठवणुकीचा खर्च वाचवायला मी एका सिस्टिमचे लॉग सात दिवसांनी पुसले जातील अशी सोय केली. माझं कौतुकही झालं. महिन्याभरानं ग्राहकांच्या बिलांत एक चूक सापडली. ती केव्हा सुरू झाली, कशी झाली, काहीच सांगता येईना. त्या रात्रीची वही मीच जाळली होती.

कुलाब्याच्या लोकांनी वही जाळली नाही.

२ सप्टेंबर १८५९

१ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्याच्या डागांचं चित्र काढत होते. अचानक डागांवर दोन पांढरे झोत दिसले आणि काही मिनिटांत विझले. त्यानंतर साडेसतरा तासांनी पृथ्वीवर वादळ धडकलं. युरोप-अमेरिकेत तारयंत्रं बंद पडली, काही ठिकाणी ठिणग्या उडाल्या. ध्रुवाकडं दिसणारा आकाशातला रंगीत प्रकाश उष्ण कटिबंधातल्या कॅरिबियन भागातही दिसला. मुंबईत तेव्हा सकाळचे दहा-अकरा वाजलेले, भर उजेड. आकाशात बघण्यासारखं काहीच नव्हतं. कुलाब्यातला माणूस मात्र दुर्बिणीला डोळा लावून बसला होता, आणि सुई घसरत चालली होती.

ती घसरण होती सुमारे १,६०० नॅनोटेस्ला. तुलनेसाठी, मार्च १९८९ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास घालवणारं वादळ जगभरच्या सरासरी मोजणीत सुमारे ५९० चं होतं. १८५९ चं वादळ एवढ्या खालच्या अक्षांशावर नीट नोंदवलेलं होतं ते कुलाब्यात. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ससिंग लाखिना, एस. अ‍ॅलेक्स यांनी सहकाऱ्यांसह तेच आकडे वापरून त्या वादळाची ताकद मांडली. आज अवकाशातल्या धोक्यांचा हिशेब करणारे लोक 'सगळ्यात वाईट काय होऊ शकतं' विचारतात तेव्हा या शोधनिबंधाचं नाव निघतं. त्या घसरणीत किती भाग पृथ्वीला वेढणाऱ्या दूरच्या प्रवाहाचा आणि किती आयनांबरातल्या विजेचा, यावर अजून वाद आहे. वाद घालता येतो, कारण आकडे आहेत.

चुंबकीय वादळात हीच वीज वरच्या हवेत उष्णता ओतते. हवा फुगते, उपग्रह घसरतात. माझ्या प्रश्नाचं उत्तर हे होतं.

पुढची गोष्ट मला जास्त आवडते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. ट्रामच्या विजेनं कुलाब्याची सुई कायमची बिघडणार होती. तेव्हा वेधशाळेचे प्रमुख होते नानाभॉय मूस, तिथले पहिले भारतीय संचालक. त्यांनी प्रगतीशी भांडण केलं नाही आणि नोंदही तुटू दिली नाही. खाडीपलीकडं अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. लोखंड टाळून, पोरबंदरच्या दगडात, पितळ-तांब्याचे जोड वापरून. १९०४ पासून दोन वर्षं दोन्हीकडं एकाच वेळी मोजणी केली, म्हणजे जुना आकडा आणि नवा आकडा यांचा मेळ बसेल. मग १९०६ मध्ये कुलाब्याची सुई थांबली. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. १९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ ची सगळी माहिती ग्रंथरूपात छापली. आम्ही आज जुन्या सर्व्हरवरून नव्यावर जातो तेव्हा दोन्ही काही काळ सोबत चालवतो. ती शहाणीव अलिबागला शंभर वर्षांपूर्वीच होती.

मंगळावरचा आर्गॉन

वरची हवा म्हणजे ग्रहाची वेस. तिथून ग्रहाचं काय बाहेर जातं यावर त्याचं नशीब ठरतं. मंगळाला आज पृथ्वीसारखं सबंध ग्रहाला पुरणारं चुंबकीय कवच नाही. सूर्याकडून येणारे कण त्याच्या वरच्या हवेवर थेट आदळतात आणि अणू उडवून लावतात. सप्टेंबर २०१४ मध्ये दोनच दिवसांच्या अंतरानं दोन यानं मंगळाशी पोचली, नासाचं मेव्हन आणि आपलं मंगळयान. मंगळयानावर तिरुवनंतपुरमच्या अवकाश भौतिकी प्रयोगशाळेचं 'मेन्का' हे यंत्र होतं. त्यानं मंगळाच्या सगळ्यात बाहेरच्या हवेतले कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजन, आर्गॉन मोजले. आर्गॉन कशाशी संयोग पावत नाही. तो कमी झाला असेल तर उडूनच गेला असणार. मेव्हनच्या मोजणीतून २०१७ मध्ये दिसलं की मंगळानं आपला जवळपास ६५ टक्के आर्गॉन असा गमावला आहे. एकेकाळी तिथं नद्या वाहत होत्या. हवा गेली आणि पाणीही टिकलं नाही.

मंगळयानाचा संपर्क तुटला तोही एप्रिल २०२२ मध्ये. लाडबोरीला रिंग पडली त्याच महिन्यात.

१० मे २०२४ च्या रात्री वीस वर्षांतलं सगळ्यात मोठं चुंबकीय वादळ आलं. लडाखमधल्या हानलेचं आकाश लाल झाल्याचे फोटो सकाळी फोनवर आले. मी गच्चीवर गेलो होतो, वर्ध्याच्या आकाशात नुसती धूळ आणि पिवळे दिवे. मला काही दिसलं नाही. अलिबागच्या सुईला मात्र कळलं होतं. तिनं लिहून ठेवलं असणार, कुणाच्या कधी कामी येईल ते न विचारता.

सकाळी चहा घेताना आबाजींना फोटो दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बघितले आणि विचारलं, "मंग आता पुढचं केव्हा पडन?"

मी या वेळी ठाम बोललो नाही. म्हटलं, "वरची हवा किती फुगते त्यावर आहे, आबाजी. मोजणं सुरू आहे."

"सुरू ठेवा म्हणा," ते म्हणाले, आणि चहाची बशी तोंडाला लावली.