पहिला सपाट पाट

घरातील नळाचा जोड कधी उलगडून पाहिला, तर पाइपाच्या टोकाला कोरलेले आटे दिसतात. त्या आट्याच्या दोन उतारांमधला कोन 55 अंशांचा असतो. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकारागिराने 1841 साली हे माप सुचविले आणि आजही ते आपल्या मोरीत व स्वयंपाकघरात नांदते आहे. आम्हांस हे कुठल्या ग्रंथातून कळले नाही; आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध टर्नरने ते सांगितले. रेल्वेच्या कारखान्यात आगगाडीची चाके कातण्याच्या अजस्र लेथवर त्यांची उमर गेली होती. आसासकट चाकांची जोडी क्रेनने उचलून त्या लेथवर चढवावी लागे. "एवढ्या थोरल्या यंत्रापुढे माणसाचे काम ते काय?" असे आम्ही एकदा त्यांना विचारले. ते हसून म्हणाले, "फादर, यंत्र कितीही मोठं असू द्या, माप बारीकच असतं."

त्या उत्तराने आमच्या मनात एक प्रश्न उभा केला. अचूक यंत्र घडविण्यास अचूक यंत्र लागते. मग पहिले अचूक यंत्र कोणी घडविले?

इतिहासात मागे जाता आपण अठराव्या शतकातील ब्रिटनमध्ये येऊन पोहोचतो. जेम्स वॅट यांनी आपल्या वाफेच्या इंजिनाचे पेटंट 1769 साली घेतले. परंतु ते इंजिन प्रत्यक्षात धड चालेना. कल्पनेत दोष नव्हता, दोष सिलिंडरात होता. ओतीव लोखंडाचा तो अवाढव्य नळा आतून नीट गोल कोरता येत नसे आणि दट्ट्याच्या कडेने वाफ निसटून जाई. तेव्हाच्या यंत्रात कोरणारा दांडा एकाच टोकाला आधारलेला असे. स्वतःच्या वजनाने तो लवे आणि भोक वाकडे पडे. वेल्समधील बर्शम येथील लोहकारखानदार जॉन विल्किन्सन यांनी 1774 साली तोफा कोरण्याच्या नव्या पद्धतीचे पेटंट घेतले होते. त्यांनीच पुढे सिलिंडरासाठी निराळे यंत्र उभारले. त्यात दांडा सिलिंडराच्या आरपार जाऊन दोन्ही टोकांना आधार घेई आणि कोरणारे हत्यार त्या दांड्यावरून पुढे सरके. वॅट यांचे भागीदार मॅथ्यू बोल्टन यांनी 1776 साली नोंदविले, की 50 इंच व्यासाच्या सिलिंडरात आता जुन्या शिलिंगच्या जाडीएवढीही चूक राहत नाही. ज्या इंजिनाने पुढे जग हलविले, ते एका चांगल्या भोकासाठी सहा वर्षे खोळंबले होते!

दुसरा टप्पा हेन्री मॉडस्ले यांचा. 1771 साली वुलिच येथे जन्मलेला हा मुलगा बाराव्या वर्षी तेथील शस्त्रागारात काडतुसे भरण्याच्या कामाला लागला. अठराव्या वर्षी त्याला जोसेफ ब्रामा या कुलुपे बनविणाऱ्या प्रसिद्ध कारागिराने आपल्याकडे घेतले. तेथे तो मुकादम झाला. पण आठवड्याला 30 शिलिंग पगार मागताच नकार मिळाला, तेव्हा 1797 साली त्याने स्वतःचे दुकान थाटले. इ.स. 1800 च्या सुमारास त्याने बनविलेला आटे पाडण्याचा लेथ आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. त्यात हत्यार कारागिराच्या मुठीत नसून लोखंडी सरकपट्टीवर घट्ट बसविलेले असे. हाताचा कंप त्यामुळे कामात उतरत नसे.

मार्क ब्रुनेल या फ्रान्समधून आलेल्या अभियंत्याच्या योजनेनुसार मॉडस्ले यांनी पोर्ट्समथच्या गोदीसाठी 45 यंत्रे घडविली. त्यांवर गलबतांच्या कप्प्या तयार होत. आमच्या किनाऱ्यावरील वाचकांना कप्पीची महती सांगावयास नको. एका मोठ्या युद्धनौकेस हजाराच्या आसपास कप्प्या लागत. 1808 पर्यंत ही यंत्रे वर्षाला 1,30,000 कप्प्या देऊ लागली होती. 110 कुशल कारागिरांचे काम 10 साधी माणसे करू लागली. यंत्रे इतकी भक्कम, की त्यांतील काही विसाव्या शतकाच्या मध्यानंतरही चालू होती. उरलेल्या 100 कारागिरांचे काय झाले, हा प्रश्न मात्र त्या आकड्यांतून डोकावत राहतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. लेथचा पाया सरळ हवा, तर सरळपणा तपासणारा एक बिनचूक सपाट पाट आधी हवा. तो कशावरून घडवायचा? मॉडस्ले यांच्या यंत्रशाळेत कामगारांच्या बाकांवर असे पाट असत आणि तेथेच काम शिकलेल्या व्हिटवर्थ यांनी 1840 साली ग्लासगो येथील विद्वत्सभेत ते करण्याची रीत विशद केली. दोन पाट एकमेकांवर तंतोतंत बसले, म्हणून ते सपाट ठरत नाहीत. एक किंचित फुगीर आणि दुसरा तितकाच खोलगट असला, तरीही ते जुळतात. म्हणून तिसरा पाट घ्यावा. पहिल्याशी दुसरा आणि तिसरा जुळवावा, मग दुसरा व तिसरा एकमेकांवर ठेवून पाहावा. पहिला फुगीर असेल, तर हे दोघे खोलगट निघून केवळ कडांना टेकतील आणि चूक तत्काळ उघडी पडेल. रंग लावून एकावर दुसरा ठेवावा, रंग उमटलेले उंचवटे हाताने खरवडावेत, पुन्हा ताडून पाहावे. तिन्ही पाट कोणत्याही जोडीने जुळले, की तिन्ही सपाट.

पहिले अचूक यंत्र कोणी घडविले, याचे उत्तर येथे मिळते. ते हाताने घडविले. ज्यांची नावे कुठे कोरली गेली नाहीत, अशा माणसांनी खरवडणीने कणाकणाने लोखंड काढीत सपाटपणा जगात आणला. नंतरच्या महाकाय यंत्रांचा सरळपणा हा त्या पाटांचा वारसा होय.

पुढे यंत्रांचा आकार वाढत गेला. मॉडस्ले यांचेच शिष्य जेम्स नॅस्मिथ यांनी 1839 साली वाफेच्या घणाचा आराखडा काढला. मद्याच्या पेल्यात ठेवलेले अंडे त्या घणाने फोडावे आणि पेल्याला तडा जाऊ नये, असे प्रात्यक्षिक ते दाखवीत. फ्रान्समधील ल क्रूझो येथे 1877 साली 100 टनांचा घण उभा राहिला; आज तो त्या गावाच्या वेशीवर स्मारक म्हणून उभा आहे.

यंत्रे थोर झाली, पण ती चालविणारा माणूस मालकांच्या हिशेबात लहान होऊ लागला. 1851 साली इंग्लंडमधील यंत्रकारागिरांनी आपला संघ उभारला. जादा वेळ आणि नगावरची मजुरी यांस त्यांनी विरोध केला, तेव्हा 1852 च्या जानेवारीत लंडन व लँकशायरच्या मालकांनी कारखान्यांना टाळे ठोकले. संघ सोडल्याचे लिहून द्या, तरच आत या, असा त्यांचा हुकूम होता. सुमारे तीन महिन्यांनी कामगार हरले. पोप लिओ तेरावे यांचे 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक 1891 चे आहे. मजुरी ही केवळ करारावर सोडून देण्याची बाब नाही, कामगाराला व त्याच्या कुटुंबाला पोसण्याइतकी ती असली पाहिजे, ही त्यातील शिकवण अशा दशकांच्या अनुभवानंतर आली, हे ध्यानी घ्यावयास हवे.

आज लेथला संगणक जोडलेला असतो आणि माप पडद्यावर उमटते. तरीही उत्तम यंत्रांच्या सरकपट्ट्या आजही अनेक ठिकाणी हाताने खरवडल्या जातात. ही विद्या पुस्तकातून पुरती येत नाही; ती एका हातातून दुसऱ्या हातात जाते आणि मधला हात निसटला, की तेथेच संपते.

आमचे ते वृद्ध टर्नर आता देवाघरी गेले. त्यांच्या लाकडी पेटीत मायक्रोमीटर, कॅलिपर आणि स्वतः घासून केलेली काही हत्यारे होती. नातवाने ती आम्हांस दाखविली. कोणते कशासाठी, हे त्याला सांगता आले नाही, आम्हांलाही नाही. वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी गोदीत, गिरणीत वा रेल्वेत राबलेले असे हात अजून असतील. त्यांच्यापाशी बसा, पेटी उघडायला सांगा आणि ते जे बोलतील ते लिहून ठेवा.