शुक्र इतका गरम का? उत्तर चंद्रपूरच्या चुनखडीत आहे

नवतपा लागला आणि चंद्रपूरचा पारा ४६-४७ वर गेला की "सूर्य आमच्याच जिल्ह्यात उतरलाय" टाइपचे मीम सुरू होतात. मी मूळचा चंद्रपूरचा, त्यामुळे असे मीम मीही फॉरवर्ड करतो. पण ग्रह किती तापतो हे फक्त सूर्याच्या अंतरावर ठरत नाही. याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे आपला शेजारी शुक्र, म्हणजेच आपली शुक्राची चांदणी.

शुक्र: एका नजरेत

- व्यास: १२,१०४ किमी (पृथ्वी १२,७५६ किमी)
- सूर्यापासून अंतर: सुमारे १०.८ कोटी किमी (पृथ्वी सुमारे १५ कोटी)
- जमिनीचं तापमान: सुमारे ४६५ अंश सेल्सिअस
- हवेचा दाब: पृथ्वीच्या सुमारे ९२ पट
- हवा: ९६.५ टक्के कार्बन डायऑक्साइड, बाकी बहुतेक नायट्रोजन
- एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत: आपले सुमारे ११७ दिवस

सूर्य जवळ आहे म्हणून?

नाही. बुध सूर्याच्या आणखी जवळ आहे, तरी शुक्र त्याच्यापेक्षा गरम आहे. शिवाय शुक्रावरचे सल्फ्युरिक ॲसिडचे दाट ढग सुमारे तीन चतुर्थांश सूर्यप्रकाश परत फेकतात. म्हणजे शुक्र पृथ्वीपेक्षाही कमी ऊन शोषतो!

खरा खेळ कार्बन डायऑक्साइडचा आहे. जमिनीतून वर जाणारी उष्णता ही जाड हवा अडवून धरते. म्हणून तिथे रात्रसुद्धा दिवसाइतकीच गरम असते.

मग आपला कार्बन कुठे गेला?

पृथ्वीवर एकूण कार्बन कमी नाही. अंदाजे शुक्राच्या हवेत आहे तेवढाच आहे, फक्त तो दगडात बंद आहे. हे कुलूप असं लागतं: पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळतो, ते पाणी खडक झिजवतं, नद्या हा माल समुद्रात नेतात आणि तळाशी चुनखडी तयार होते.

हे बघायला लांब जायची गरज नाही. राजुरा, कोरपना, गडचांदूर भागातल्या ज्या चुनखडीवर सिमेंट कारखाने चालतात, ती अशीच एका जुन्या समुद्राच्या तळाशी साचली. भूशास्त्रात तिला 'चांदा चुनखडक' असंच नाव आहे. बल्लारपूर, दुर्गापूरचा कोळसा हे दुसरं कुलूप: २५ कोटी वर्षांहून जुन्या झाडांमधला कार्बन. गडचिरोलीचं जंगलही कार्बन धरून ठेवतं, पण झाड जळलं किंवा कुजलं की तो परत हवेत जातो. दगडातला मात्र कोट्यवधी वर्षं टिकतो.

शुक्रावर हे कुलूप लागतच नाही, कारण त्यासाठी पाणी लागतं. पूर्वी तिथे समुद्र होते का, यावर शास्त्रज्ञांचे वाद आहेत. पण आज तिथे पाणी जवळपास नाही, त्यामुळे ज्वालामुखीतून आलेला वायू हवेतच साचून राहिला.

आपणही शुक्र होणार का?

नाही. सगळा कोळसा जाळला तरी पृथ्वीचा शुक्र होणं जवळपास अशक्य आहे. पण म्हणून निवांत राहता येत नाही. सिमेंटच्या भट्टीत चुनखडी ९०० अंशांच्या आसपास तापली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. चंद्रपूरचं २,९२० मेगावॅटचं वीज केंद्र कोळसा जाळतं. घर बांधायला सिमेंट हवं आणि फोन चार्ज करायला वीज, हे मलाही मान्य आहे. तरी आपण कुलूप उघडतोय, हे खरं आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सुमारे २८० होता, तो आता ४२० च्या वर आहे. जिथे मे महिन्यात ४७ अंश सोसावे लागतात, तिथे आणखी दोन अंश म्हणजे उन्हात काम करणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे.

तुमचा फोन तिथे किती टिकेल?

आपल्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला फोनसुद्धा 'खूप गरम झाला' म्हणून बंद पडतो. शुक्रावर तर शिसं वितळतं. १९८२ मध्ये तिथे उतरलेलं सोव्हिएत 'व्हेनेरा १३' यान १२७ मिनिटं टिकलं. साधी सिलिकॉन चिप त्या तापमानात चालत नाही. म्हणून नासाने सिलिकॉन कार्बाइडची सर्किट्स बनवली. प्रयोगशाळेत शुक्रासारख्या वातावरणात ती तीन आठवडे चालली.

तिथे राहता येईल का?

जमिनीवर नाही. पण ५० ते ५५ किमी उंचीवर तापमान आणि दाब बराचसा आपल्यासारखा असतो. १९८५ मध्ये सोव्हिएत 'व्हेगा' मोहिमांचे दोन फुगे तिथे जवळपास दोन दिवस तरंगले. तरी श्वासाला ऑक्सिजन नाही आणि ढग ॲसिडचे. २०२० मध्ये तिथे फॉस्फिन वायू सापडल्याची बातमी आली आणि जीवसृष्टीची चर्चा रंगली, पण तो शोध अजून वादात आहे.

भारताचं यान कधी?

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने इस्रोच्या शुक्र मोहिमेला मंजुरी दिली. खर्च १,२३६ कोटी रुपये आणि उड्डाणाचं नियोजन मार्च २०२८ चं. यान शुक्राभोवती फिरून त्याची जमीन आणि हवा तपासेल.

तोवर 'स्टेलॅरियम' ॲप उघडून शुक्र आज सकाळी दिसतोय की संध्याकाळी, ते बघा. आकाशात सूर्य आणि चंद्रानंतर सगळ्यात जास्त चमकतो तो हाच. आणि ही चमक त्याच ॲसिडच्या ढगांची आहे.