टीका झालेला खेळाडू ठेवायचा की सोडायचा? दोन संघ, दोन उत्तरं

आज बास्केटबॉलबद्दल लिहितेय. तुम्ही हा खेळ बघत नसाल तरी जरा थांबा, कारण प्रश्न आपल्या प्रयोगशाळेतलाच आहे. जे इतके दिवस चालत होतं ते ऐन वेळी फसलं, तर टाकून द्यायचं की धरून ठेवायचं?

मे २००७. डॅलस मॅव्हरिक्सचा जर्मन खेळाडू डर्क नोवित्स्की याला एनबीएच्या त्या मोसमातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून पुरस्कार मिळाला. समारंभ मात्र अवघडलेला होता. कारण काही दिवसांपूर्वीच त्याचा संघ बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात बाहेर पडला होता. ८२ पैकी ६७ सामने जिंकलेला संघ, ८२ पैकी ४२ जिंकलेल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सकडून हरला होता! बाद फेरीत सातपैकी चार सामने आधी जिंकणारा पुढे जातो. वॉरियर्सनी सहाव्या सामन्यातच काम संपवलं. त्या शेवटच्या सामन्यात डर्कने १३ वेळा नेम धरला, त्यातले २ लागले.

त्याच्या आदल्या वर्षी, २००६ मध्ये, हाच संघ अंतिम फेरीत २-० ने पुढे होता आणि मग सलग चार सामने हरला. म्हणजे दोन वर्षांत दोन मोठे घाव. डर्कवर ‘मऊ’ असा शिक्का बसला. मोसमभर छान खेळतो, पण गरज असते तेव्हा गळपटतो. अशा माणसाभोवती संघ बांधायचा का, हे लोक उघड विचारू लागले.

आता पुढचं काय झालं ते क्षणभर विसरा. तुम्ही २००७ मध्ये डॅलसच्या व्यवस्थापनात बसला आहात. तुमच्या हातात पुरावा काय आहे?

एका बाजूला ८२ सामन्यांचा मोसम, ज्यात डर्कची सरासरी २४.६ गुणांची. दुसऱ्या बाजूला सहा सामने, सरासरी १९.७. नुसती संख्या बघितली तर ८२ जड. पण टीकाकार म्हणतील, हे सहा सामने साधे नव्हते, खरी परीक्षा तीच होती. मुद्दा चुकीचा नाही. सगळी निरीक्षणं सारख्या वजनाची नसतात.

म्हणून त्या सहा सामन्यांत नेमकं काय बिघडलं हे बघावं लागतं. वॉरियर्सचा प्रशिक्षक होता डॉन नेल्सन. हाच माणूस २००५ पर्यंत डॅलसचा प्रशिक्षक होता. डर्क त्याच्याच हाताखाली घडलेला, त्यामुळे त्याचं दुखणं त्याला पाठ. सात फूट उंचीच्या डर्कवर त्याने तितकेच उंच खेळाडू न लावता, कमी उंचीचे पण चपळ आणि अंगाने दणकट खेळाडू सोडले. डर्कला चेंडू घेऊन मोकळं होताच येईना. आणि नियमित मोसमातही वॉरियर्सनी डॅलसला तिन्ही सामन्यांत हरवलं होतं. इशारा आधीच मिळाला होता, बघा.

म्हणजे ‘डर्क दबावाखाली कोसळतो’ हे एक गृहीतक झालं. ‘डर्कच्या खेळात एक ठरावीक भोक आहे आणि ते एका माणसाला ठाऊक आहे’ हे दुसरं. सहा सामन्यांची आकडेवारी दोन्हींशी जुळते. फरक हा की पहिलं खरं असेल तर खेळाडू सोडावा, आणि दुसरं खरं असेल तर भोक बुजवावं.

डॅलसने दुसरा रस्ता धरला. २००८ मध्ये जेसन किड आला, त्याच वर्षी प्रशिक्षक बदलला, २०१० मध्ये टायसन चँडलर आला. डर्क राहिला. आपल्यापेक्षा बुटक्या बचावपटूला पाठीवर घेऊन, एका पायावर मागे झुकत मारलेला फटका ही त्याची ओळख बनली.

पण लगेच टाळ्या वाजवू नका. २००८ मध्ये संघ पहिल्या फेरीत हरला. २००९ मध्ये दुसऱ्या. २०१० मध्ये पुन्हा पहिल्या. डर्क ३२ वर्षांचा झाला होता आणि त्याच उन्हाळ्यात संघाने त्याच्याशी चार वर्षांचा, सुमारे ८ कोटी डॉलरचा नवा करार केला. त्या दिवशी तुम्ही हा निर्णय बरोबर म्हटला असता? खरं सांगा.

जून २०११ मध्ये डॅलसने लेब्रॉन जेम्स, ड्वेन वेड आणि ख्रिस बॉश यांच्या मायामी हीटला ४-२ ने हरवून विजेतेपद मिळवलं आणि डर्क अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. सगळीकडे गोष्ट लिहिली गेली ती निष्ठेची आणि धीराची. पण त्या निर्णायक सहाव्या सामन्याच्या पूर्वार्धात डर्कचे १२ पैकी ११ नेम चुकले होते! दरम्यान संघाला जेसन टेरीने सावरलं, त्याने त्या सामन्यात २७ गुण केले. डर्क उत्तरार्धात परत आला. मध्यंतरालाच कुणी वही बंद केली असती, तर ‘मऊ’ हा शिक्का आणखी गडद झाला असता.

आता उलटं उदाहरण घेऊ. टोरोंटो रॅप्टर्सचा डिमार डीरोझन नऊ मोसम त्या संघाकडून खेळला आणि त्या शहरावर त्याचा जीव होता. संघ नियमित मोसमात उत्तम, २०१७-१८ मध्ये तर ८२ पैकी ५९ विजय. पण बाद फेरीत २०१६, २०१७ आणि २०१८ अशी सलग तीन वर्षं लेब्रॉनच्या क्लीव्हलँडने त्यांना घरी पाठवलं. तिन्ही वर्षं मिळून १४ सामने, त्यात टोरोंटोचे विजय २. जुलै २०१८ मध्ये टोरोंटोने डीरोझनला देऊन सॅन अँटोनियोकडून क्वाय लेनर्डला आणलं. दुखापतीमुळे लेनर्ड आदल्या मोसमात फक्त नऊ सामने खेळला होता आणि वर्षभरात तो निघून जाऊ शकत होता. पुढच्या जूनमध्ये टोरोंटो विजेता झाला. पाठोपाठ लेनर्ड खरंच निघून गेला.

तर धडा कोणता? धरून ठेवा, की सोडून द्या? दोन्ही संघ जिंकले, त्यामुळे ट्रॉफीकडे बघून हे उत्तर मिळतच नाही. टोरोंटोची वाट तर आणखी निसरडी होती. मे २०१९ मध्ये फिलाडेल्फियाविरुद्ध सातव्या सामन्यात गुण बरोबरीत असताना लेनर्डचा शेवटचा फेक रिंगवर चार वेळा उडाला आणि मग आत पडला. तो बाहेर पडला असता तर जादा वेळ, आणि कदाचित घरचा रस्ता. जुलै २०१८ मधला निर्णय तेव्हा जितका शहाणा किंवा वेडा होता तितकाच राहिला असता, फक्त आपण त्याच्याबद्दल वेगळं लिहिलं असतं.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. डीरोझनचा सौदा झाला त्याच्या काही दिवस आधीच लेब्रॉन क्लीव्हलँड सोडून पश्चिम विभागातल्या लेकर्सकडे गेला होता. म्हणजे ज्या १४ सामन्यांवरून डीरोझनला तोललं गेलं, ती परिस्थितीच संपली होती. मग टोरोंटो चुकलं का? मला तसं वाटत नाही. ‘डीरोझन दोषी आहे का’ आणि ‘या किमतीत याहून चांगलं काही मिळतंय का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. टोरोंटोला दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ असं मिळालं. त्यासाठी पहिल्याचं उत्तर ‘हो’ असावं लागत नाही. टीकेच्या गदारोळात आपण या दोन प्रश्नांची मोट बांधतो आणि माणसाला उगीच गुन्हेगार करतो.

हे सगळं आत्ताच का सुचलं ते सांगते. मी पातळ फिल्म बनवते. माझी पद्धत साध्या काचेवर चाळीसेक नमुन्यांत नीट चालली. नव्या प्रकारच्या काचेवर सहा नमुने केले आणि सहाही फुटले. प्रयोगशाळेत सल्ले सुरू झाले: सोड ही पद्धत, दोन वर्षं गेली तेवढी पुरे. मीही रडवेली होऊन सोडायचंच ठरवलं होतं. मग मार्गदर्शकांनी विचारलं, ‘पद्धत फसली, की त्या काचेवर फसली?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन्हींत फरक करणारा प्रयोग मी केलाच नव्हता.

पुढच्या महिन्यात सल्लागार समितीची बैठक आहे. त्याआधी मी वहीत तारीख घालून लिहून ठेवलंय: नवी काच वेगळ्या तऱ्हेने धुऊन दहा नमुने करायचे, त्यातले सहापेक्षा कमी टिकले तर पद्धत सोडायची. शेजारी हेही लिहिलंय की पर्यायी पद्धत शिकायला किती महिने लागतील आणि तिची यंत्रं आमच्याकडे आहेत का. तुमच्याकडेही असं काही अडकलं असेल, तर निकाल यायच्या आधी हे पान लिहा. निकाल आल्यावर लिहिलेलं पान आपल्याला नेहमी शहाणं ठरवतं.

माझे चार नमुने झालेत. दोन टिकले, दोन फुटले. उद्या पाचवा.