पटावरील नवा राक्षस: भुयारी कोडेखेळांचा छोटा इतिहास

काही भुयारी संगणकखेळांत पडदा बुद्धिबळाच्या पटासारखा घरांमध्ये विभागलेला असतो. खेळाडूने एक खेळी केली की पटावरील राक्षसही आपापली एक खेळी करतात. अशा खेळात नवा राक्षस आला म्हणजे नवे चित्र आले, असा आपला समज असतो. पण कोडे म्हणून पाहिल्यास प्रत्येक नवा राक्षस हा एक नवा नियम असतो आणि तो जुन्या सर्व नियमांशी जोडला जातो. ही दृष्टी कशी घडली, ते या टिपणात पाहू.

१. दोन पूर्वज

१९८० मध्ये मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन यांनी कॅलिफोर्नियात ‘रोग’ (इंग्रजी शब्द; अर्थ लबाड, भटक्या) हा खेळ केला. त्यात इंग्रजी वर्णमालेच्या २६ मोठ्या अक्षरांसाठी २६ राक्षस होते. नकाशा आणि लढाईचा निकाल, दोन्ही यादृच्छिक असत. त्यामुळे हरण्यात दैवाचाही वाटा असे.

जपानमध्ये हिरोयुकी इमाबायाशी यांचा ‘सोकोबान’ १९८२ मध्ये आला. गोदामातील खोकी ढकलून जागेवर न्यायची, एवढेच काम. राक्षस नाही, दैव नाही. पण खोके कोपऱ्यात गेले की कायमचे अडकले. नियम मोजकेच, तरी सोकोबान ‘पीस्पेस-पूर्ण’ असल्याचे जोसेफ कल्बर्सन यांनी १९९७ मध्ये दाखवले.

२. राक्षस आहेत, दैव नाही

एरिक हर्मनसन यांच्या ‘डेडली रूम्स ऑफ डेथ’ (संक्षेपाने ‘ड्रॉड’) या खेळात या दोन वाटा एकत्र आल्या. १९९६ मध्ये तो वेबफूट कंपनीने प्रसिद्ध केला. नायक बीथ्रो राजाच्या तळघरातील उपद्रवी जीव मारतो. त्याची तलवार शेजारचे एक घर व्यापते. एका खेळीत एक पाऊल टाकायचे किंवा तलवार ४५ अंशांनी फिरवायची.

येथे प्रत्येक राक्षसाचे वागणे ठरलेले असते. झुरळ सरळ खेळाडूकडे येते. तिरकी वाट बंद असेल तर आधी उभी, मग आडवी चाल पाहते. राणी पळते आणि दर ३० खेळ्यांनी अंडी घालते. ‘मेंदू’ जागचा हलत नाही, पण तो जिवंत असेपर्यंत इतर राक्षसांना भिंतींना वळसा घालून येण्याची वाट कळते. म्हणजे भिंतीमागे अडकलेली झुरळे ज्या खोलीत निरुपद्रवी होती, तेथे एक मेंदू ठेवताच सगळे गणित बदलते.

३. नवी भर

२००५ च्या ‘जर्नी टू रूटेड होल्ड’ या पुढील भागात दगडी गोलेम आला. तो मेला की त्या घरात दगडांचा ढीग उरतो आणि वाट अडते. अरुंद बोळाच्या तोंडाशी त्याला मारले तर आपलाच रस्ता बंद. आता शत्रू कोठे मारायचा, हाही प्रश्न झाला.

याच भागातील चिखल आणि जेल पाहा. जुन्या खेळातील डांबर सरळ कडेवर कापता येई. चिखल फक्त बाहेरील कोपऱ्यावर, तर जेल फक्त आतील कोपऱ्यावर कापता येते. एकच अट बदलली आणि तीन वेगळी कोडी मिळाली.

४. जुन्याचे ओझे

खप कमी म्हणून वेबफूटने १९९९ मध्ये हा खेळ बंद केला. २००० मध्ये हर्मनसन यांनी हक्क परत मिळवून त्याची मूळ आज्ञावली खुली केली. पुढील काम कॅरावेल गेम्स या नावाने चालले. खेळाडू स्वतः खोल्या रचू लागले, तशी जबाबदारीही वाढली. झुरळाची चाल किंचित बदलली तरी कोणाची तरी खोली न सुटणारी किंवा फारच सोपी होऊ शकते. अशा वेळी जुन्या राक्षसाला हात न लावता वेगळा राक्षस आणणे सुरक्षित ठरते. चालू प्रणालीत भर घालणाऱ्या प्रत्येक अभियंत्यासमोर हाच पेच असतो: नवे सामावायचे, पण ज्यावर इतरांनी बांधकाम केले आहे ते हलू द्यायचे नाही.

स्वाध्याय

१. आलेखाच्या कागदावर ५ × ५ घरांची खोली काढा. त्यात एक झुरळ व एक भिंत ठेवून दहा खेळ्या लिहा. मग मेंदू ठेवून पुन्हा लिहा.
२. एका ओळीत सांगता येईल असा नवा राक्षस सुचवा. तो झुरळ, गोलेम आणि मेंदू यांच्यासोबत ठेवल्यास काय बदलेल? काहीच बदलत नसेल, तर तो केवळ नवे चित्र आहे.